कोपऱ्यावरच्या बारची परीक्षणं लिहावीत का?

कोरडा_सोडा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या दीड वर्षात भायखळा ते दादर या पट्ट्यातल्या ३४ परमिट रूममध्ये बसून आलो. बहुतेक वेळा एकटाच. आठवड्यातून एखादी संध्याकाळ, साठ मिलीचे दोन पेग म्हणजे दोन सिक्स्टी, त्यावर नाही. घरी आल्यावर वहीत चार ओळी. त्या ओळी आता बारच्या नावागावासकट इथे टाकायचा विचार आहे. परवा धाकट्या भावाला सांगितलं तर म्हणाला, "गुत्त्यांना कसले तारे वाटत फिरतोस?" म्हणून आधी तुम्हाला विचारतो.

माझं म्हणणं असं. कुलाब्याच्या जागांवर लिहून झालंय. लिओपोल्ड १८७१ चं, मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं, हे परदेशी पर्यटकालाही पाठ आहे. पण मुंबईतला माणूस कामावरून सुटल्यावर जिथे खरोखर बसतो, त्या नाक्यावरच्या बारबद्दल नेटवर काय सापडतं? "नाईस प्लेस" आणि अर्ध्या खाल्लेल्या चिकन चिलीचा हललेला फोटो.

आणि या जागांना स्वतःची मापं आहेत. क्वार्टर बार हे नाव उगाच पडलेलं नाही. १८० मिलीची बाटली टेबलावर येते, वेटर तुमच्यासमोर बूच पिरगळतो, 'कट्ट' असा आवाज येतो, आणि त्या आवाजावर सगळा विश्वास उभा असतो. मग बिल. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट, आणि खाली हळूच घुसवलेला सेवा आकार, जो न विचारता लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय. तिसरं माप चखण्याचं. बहुतेक ठिकाणी खारे शेंगदाणे, उकडलेले चणे नाहीतर मीठ मारलेली काकडी. पण एका बारमध्ये, नाव आत्ता सांगत नाही, पहिल्या पेगबरोबर छोट्या वाटीत भाजलेल्या सुक्या बोंबलाचे तुकडे येतात, वर कच्चा कांदा आणि लिंबू. फुकट. मेनूकार्डावर नाहीत. हे कोणी नोंदवायचं?

परळकर

नोंदवू नका. हात जोडतो.

आमच्या इथे गिरणीच्या गेटासमोर एक बार होता. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, बार राहिला. दुपारी चारला तिथे तीन म्हातारे असायचे. एकाला ऐकू येत नसे, म्हणून टीव्ही कायम मुका. वेटर न विचारता तिघांची नाइंटी आणून ठेवायचा. तीन वर्षांपूर्वी एक उत्साही तरुण आला, "अस्सल गिरणगाव" म्हणून व्हिडिओ टाकून गेला. मग शनिवारी रांगा. मालकाने साध्या हॉलमध्ये काच घालून अर्धा एसी केला. एसीचा रेट वेगळा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वर्षभरात उरलेला अर्धाही एसी झाला. तिघांतला एक वारला. दोघे आता बीअर शॉपीच्या मागच्या गल्लीत उभ्याने घेतात.

त्या तरुणाने पाच तारे दिले होते. त्याचं चुकलं कुठे तेवढं सांगा.

कोरडा_सोडा

परळकर, वाचून वाईट वाटलं, पण खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय. एसी मालकाने केला. मालकालाही कारणं आहेत: परमिट रूमचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, लायसन फी वाढली, वर उत्पादन शुल्क वाढलं. १४ जुलै २०२५ ला राज्यभरचे बारवाले एक दिवस बंद पाळून बसले ते काय हौस म्हणून? तो व्हिडिओ आला नसता तर एसी झाला नसता, कदाचित बारच विकला गेला असता आणि तिथे मोबाइलचं शोरूम आलं असतं. गुपचूप मेलेले बार मी या पट्ट्यात बरेच पाहिलेत.

परळकर

शोरूम आलं असतं तर निदान ते आपलं आहे असं आम्हाला वाटलं नसतं.

अर्धा_लिंबू

काका, ३४ बार म्हणजे ३४ वेळा पुरुष म्हणून आत गेलात. मी तुमच्याच पट्ट्यात राहते. मैत्रीण आणि मी एकदा नाक्यावरच्या बारमध्ये बीअर प्यायला गेलो. दारातच मॅनेजर म्हणाला, "फॅमिली वर आहे." आम्ही म्हटलं, फॅमिली नाही, आम्ही दोघीच आहोत. तर म्हणे, "तेच, वर." वर म्हणजे पोटमाळा. पंखा एक, टेबलं चार, आणि एक वेटर आमच्या बाटल्या संपेपर्यंत जिन्यात उभा, राखणीला की पाहायला ते कळलं नाही. स्वच्छतागृह खाली, पुरुषांच्या हॉलमधून पलीकडे.

तुमच्या मापांत सील आहे, बिल आहे, बोंबील आहेत. ३४ पैकी किती ठिकाणी बायकांचं स्वच्छतागृह होतं?

कोरडा_सोडा

वही उघडून पाहिली. नऊ ठिकाणी पाटी होती. त्यांतल्या चार ठिकाणी आत सोड्याचे क्रेट रचलेले. हे मी 'किरकोळ' म्हणून समासात लिहिलं होतं. चूक मान्य.

अर्धा_लिंबू

किरकोळ!! आणखी एक समासातलं विचारते: मागचा दरवाजा पाहिलात का कधी? २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडमध्ये आग लागली, १४ माणसं गेली. तुमच्याच पट्ट्यातलं आहे. पबच्या सजावटीवर लोक पानंच्या पानं लिहितात, बाहेर पडायची वाट कुठे हे कोणी लिहीत नाही. हे लिहिणार असाल तर माझं मत 'लिहा'. नाहीतर नको.

तिरपी_टोपी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चुकलो, चखणा. बाकी धागाकर्त्याला पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

निळी_शाई

मला हा धागाच पटलेला नाही आणि गोड बोलून ते सांगायची इच्छाही नाही.

"दोन सिक्स्टी, त्यावर नाही." हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, वडील लालबागला खोलीवर. महिन्याच्या सात तारखेला घरी पैसे यायचे ते हळूहळू दहाला, मग पंधराला यायला लागले, मग आईच मुंबईला आली. तुम्ही ज्याला नाक्यावरचा बार म्हणता, त्याच्या दारात आई एका संध्याकाळी माझं बोट धरून उभी होती. आत जायची सोय नव्हती. वेटर बाहेर येऊन म्हणाला, "वहिनी, येतायत, बिल होतंय." चांगला माणूस होता तो वेटर. चखणाही चांगला असेल.

गावाकडे बायकांनी सह्या गोळा करून मतदान घ्यायला लावलं. उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमच्या गावचं झालं. एका दुकानाबद्दल शेकडो बायकांनी दिलेलं तेही एक परीक्षणच होतं. तुमच्या वहीत शेवटचं गिऱ्हाईक कितीला, कसं आणि कोणाच्या आधाराने घरी गेलं याचा रकाना आहे का?

कोरडा_सोडा

नाही. मी नऊला उठतो, त्यामुळे शेवटचं गिऱ्हाईक मी कधी पाहिलेलं नाही.

यावर वाद घालत नाही. इतकंच म्हणेन की मी लिहिलं नाही म्हणून बार बंद होणार नाही.

निळी_शाई

माहीत आहे. तारे मात्र देऊ नका.

कलम_कसाई

एक बारीक शंका. ३४ वेळा बसलात, परवाना एकदा तरी कोणी मागितला का? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. त्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून तर ती 'परमिट' रूम. एकदिवशी परवाना पाच रुपयांचा, वय कडक दारूला २५, बीअरला २१. मोरारजींच्या काळातली बंदी साठच्या दशकात सैल झाली, तोवर आंटीच्या, म्हणजे चोरट्या दारूच्या, अड्ड्यावर बसणाऱ्यांची एक पिढी होऊन गेली. त्या अड्ड्यांची परीक्षणं तोंडी चालत आणि फार कडक असत, कारण वाईट अड्डा निवडला की डोळे जायचे.

कोरडा_सोडा

माझ्याकडे आजन्म परवाना आहे. दीड वर्षात एकदा दाखवला, तोही मीच हौसेने. वेटर म्हणाला, "लॅमिनेशन छान केलंय."

लीड्सचा_बंड्या

इथे इंग्लंडात कॅम्रा नावाची ग्राहकांची संघटना १९७१ पासून आहे. चांगली एल (बीअरचाच एक प्रकार) मिळावी म्हणून भांडायला निघाली, आता पब वाचवायलाही भांडते. दरवर्षी पबांची जाडजूड मार्गदर्शिका काढतात. २०११ च्या कायद्याखाली वस्तीतले लोक पबची 'समाजाच्या मोलाची जागा' अशी नोंद करून घेऊ शकतात. मालकाने विकायला काढला तर वस्तीला पैसे उभे करायला मुदत मिळते. मापही ठरलेलं: व्हिस्की २५ नाहीतर ३५ मिलीच्या पटीत, आणि कुठलं ते पाटीवर. लिहिल्याने जागा टिकतात, मरत नाहीत. परळकरांचे तीन म्हातारे इथे असते तर त्यांच्या नावाची पितळी पट्टी खुर्चीला लागली असती.

परळकर

बंडोपंत, तिकडे रविवारी आजी-नातवंडं पबमध्ये जेवायला जातात. इकडे बायकोचा फोन आला की आख्ख्या हॉलमध्ये एकदम शांतता होते आणि माणूस सांगतो, "ऑफिसात आहे, मीटिंग." या जागेची पितळी पट्टी कोणाला हवीय? गुमनाम असणं हाच तिचा अर्धा उपयोग आहे.

काऊंटरपलीकडून

सहा वर्षं बारमध्ये वेटर होतो, दोन वर्षं काऊंटरला. आता दुसरा धंदा आहे म्हणून बोलतो.

एक. परीक्षण मालकाला लागत नाही, वेटरला लागतं. आमच्याकडे कोणीतरी लिहिलं, "सर्व्हिस स्लो." त्या दिवशी माझ्याकडे अकरा टेबलं होती, जोडीदार दांडी मारून गावाला. मालकाने त्या ओळीची झेरॉक्स काढून किचनच्या दाराला चिकटवली. आठवडाभर टिपच्या डब्यातला माझा वाटा कापला. लिहिणाऱ्याला याचा पत्ता नाही, तो तर जाताना माझ्याशी हसून गेला होता.

दोन. धागाकर्ते, सील मोडल्याचा आवाज वगैरे छान लिहिलंय. पण तुम्ही तर दोन सिक्स्टी घेता असं वरच म्हणताय. सिक्स्टी सीलबंद येत नाही साहेब. ती आतून, आधीच फुटलेल्या बाटलीतून येते. पहिली सिक्स्टी बरोबर असते, कारण पहिल्या घोटाला जीभ जागी असते. दुसरीला हात कसा तिरका होतो ते मला विचारा. ग्लासात आधी बर्फ घालून मग माप ओतणारा दिसला की समजायचं.

म्हणजे तुम्ही ३४ बारचं माप तपासलंत ते कानाने, दुसऱ्याच्या टेबलावरचं.

तिरपी_टोपी

आता इनो द्या कोणीतरी धागाकर्त्याला.

कोरडा_सोडा

दंडवत. वहीत 'सील' या रकान्यात ३४ पैकी २८ ठिकाणी मी बरोबरची खूण केलीय, आणि क्वार्टर मागवली होती फक्त तीनदा, तीही मित्राबरोबर. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तर आत्तापुरतं असं करतो. तारे नाहीत. वेटरबद्दल एक अक्षर नाही. स्वच्छतागृह, मागचं दार, बिलातला सेवा आकार आणि एसी-साध्या हॉलच्या रेटमधला फरक, एवढंच नावासकट लिहीन. माप आणि चखण्याबद्दल लिहीन ते नाव न देता. परळकर, यावर तरी राजी का?

परळकर

नाही. पण बोंबलाचा बार कुठला ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, कांदा-लिंबावरून. गेल्या महिन्यापासून तिथे बोंबील बंद आहेत. भाजणारा गावी गेलाय, परत येतो की नाही ठाऊक नाही. आता शेंगदाणे देतात. वहीत दुरुस्ती करून घ्या.