मेणवलीचा घाट आणि डोळ्यांखालची सावली
फोटोत चेहरा उठून दिसायला आधी भारी लेन्स घ्या, असं कुणीतरी सुचवतंच. ५० मिमीची लेन्स चांगलीच, पण नवख्यांचे फोटो फसतात ते बहुतेकदा उजेडामुळे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नऊवारी-नथीतले फोटो काढणारे बघा. घाटाचा काळा बसाल्ट दगड उजेड गिळतो, खालून काहीच परत येत नाही, मग डोळ्यांच्या खोबणीत नि हनुवटीखाली काळपट सावली पडते. साधी पांढरी थर्माकोलची शीट मुलीच्या कमरेशी, फ्रेमच्या जरा बाहेर, चेहऱ्याकडे तिरकी धरायला कुणालातरी सांगा, म्हणजे उजेड खालून चेहऱ्यावर परततो. बुबुळात पांढरा ठिपका दिसला की जमलं. नथीचे मोतीही तेव्हाच खुलतात.

थर्माकोलऐवजी चंदेरी फॉइल मात्र नकोच, फाउंडेशनवर तेलकट चकाकी येते. हिरवा शालू उन्हात असेल तर हनुवटीवर हिरवट छटा चढते, तीही या पांढऱ्या शीटनं बरीच कमी होते.