एमव्ही मारला आणि बाबांचे 4,406 फोटो गायब. परत मिळतील का?

गिरगावकर

नमस्कार मंडळी. बाबांनी निकॉन डी70 वर काढलेले आमच्या चाळीचे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते, 2005 ते 2011, प्रत्येक वर्षाचा वेगळा फोल्डर. चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्यात. निरोपाच्या कार्यक्रमात पडद्यावर फोटो दाखवायचे ठरलं, म्हणून सगळे एका जागी आणायला बसलो. कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स आहे. टर्मिनलमध्ये फॉर लूप लिहिला, म्हणजे तीच कमांड दर वर्षासाठी पुन्हा: एकेका वर्षाच्या फोल्डरमधलं सगळं एमव्हीने, म्हणजे फाइल हलवायच्या कमांडने, ‘सगळे’ या फोल्डरमध्ये. दोन सेकंदांत झालं, एकही एरर नाही.

आधी फाइंड आणि डब्ल्यूसी लावून मोजले होते तेव्हा 14,212 होते. आता ‘सगळे’मध्ये 9,806. वर्षांचे फोल्डर रिकामे, ट्रॅशमध्येही काही नाही.

2005 चं तर जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यात 26 जुलैचे फोटो आहेत. बाबा कुर्ल्याला अडकले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, कॅमेरा दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेला. आणि आजी आहे, गॅलरीत कठड्याला टेकून लसूण सोलत बसलेली. तिचा तेवढाच फोटो आहे. बाबाही आता नाहीत. फाइल्स गेल्या कुठे, आणि परत येतील का, एवढं सांगा.

करीरोडकर

दादा, आधी ती डिस्क अनमाउंट करून केबल काढा. पुढचं मग वाचा.

तुमचा 9,806 हा आकडा 9,999 च्या आत आहे, गोम तिथेच आहे. कॅमेरा डीएससी_0001 पासून डीएससी_9999 पर्यंत नावं देतो आणि परत 0001 वर येतो. 2005 चा डीएससी_0412 आणि 2009 चा डीएससी_0412 आपापल्या फोल्डरमध्ये सुखाने नांदत होते. एका घरात आणल्यावर एमव्हीने नंतरच्याला आधीच्याच्या जागी बसवलं. तो विचारत नाही, सांगतही नाही. लूप 2005 पासून चालला, म्हणून जुने गेले आणि नवे राहिले.

सगळे फोल्डर एकाच एमव्हीला दिले असते तर त्याने अडवलं असतं. आत्ताच आणून ठेवलेल्या फाइलवर दुसरी टाकायला लिनक्सवरचा एमव्ही नकार देतो. पण लूपमध्ये दर वर्षाला नवा एमव्ही सुरू होतो, त्याला मागच्याने काय आणलं याची खबर नसते.

आता आशेचं. हे सगळं एकाच डिस्कवर, एकाच पार्टिशनमध्ये झालं ना? मग एमव्हीने फोटोंना हातही लावलेला नाही, फक्त नावं इकडची तिकडे केली. म्हणून तर दोन सेकंदांत झालं. जुन्या फोटोंची जागा ‘मोकळी’ अशी नोंद झाली, पण त्यांचा डेटा तिथेच पडून असणार, जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. डिस्क जुनी फिरणारी असेल तर शक्यता चांगली आहे. एसएसडी असती तर ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकते म्हणून, मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो.

आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग त्या इमेजवर फोटोरेक हा गेलेल्या फाइल्स शोधणारा प्रोग्राम चालवा, फक्त जेपीजी निवडा आणि फक्त मोकळी जागा शोधायला सांगा. मिळालेले फोटो मूळ डिस्कवर चुकूनही ठेवू नका. नावं परत येणार नाहीत, एफ आणि पुढे लांबलचक आकडा असं काहीतरी मिळेल. तारीख मात्र फोटोच्या आत, कॅमेऱ्याने लिहिलेल्या एक्सिफ नोंदीत असते.

सायनवाली

आणि माळा बघा. 2005 साली डिजिटल कॅमेरा घेतलेला माणूस सीडी लिहून ठेवायचाच. आमच्या घरी शिलाई मशीनच्या खणात सापडल्या होत्या.

फोटो मिळाले की नावं हाताने देत बसू नका. ही नोंद वाचणाऱ्या एक्सिफटूल या प्रोग्रामला सांगा, प्रत्येकाचं नाव त्याच्या काढल्याच्या तारीख-वेळेवरून दे. एकाच सेकंदाचे दोन निघाले तर नावापुढे -1, -2 लावायचीही सोय आहे. पुढच्या वेळी एमव्हीला ‘बॅकअप इक्वल टू नंबर्ड’ हा पर्याय द्या, जुनी फाइल तो नावाला शेपूट जोडून जपून ठेवतो. नाहीतर -एन द्या. मग ज्यांची नावं जुळतात त्या फाइल्स जागेवरच राहतात आणि नेमकी अडचण कुठे आहे ते समोर दिसतं.

गिरगावकर

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा. इमेज घ्यायलाच एक रात्र गेली.

फोटोरेकने 5,118 फोटो दिले. गेले त्यापेक्षा जास्त कसे, म्हणून घाबरलो होतो. एक्सिफटूलने तारखा लागल्यावर कळलं की बाबांनी स्वतः कधीतरी डिलीट केलेलेही वर आलेत. हललेले, अंधारातले. एकात आमच्या कपाटाचा आरसा आहे, मध्ये फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्याच्या मागे बाबांचा अर्धा चेहरा. ते कधीच फोटोत नसायचे. तो वेगळा काढून ठेवलाय.

आजी मिळाली. 11 सप्टेंबर 2005, सकाळी 10:42. मांडीवर सूप आहे, हे मी विसरलो होतो.

26 जुलैचे अर्धेच आले, काही खालून करडे पडलेत. पण ताई, माळ्यावर खरंच सीडी होत्या, अकरा. दोन वाचल्या जात नाहीत. बाकीच्यांत कुर्ल्याचे सहा फोटो अख्खे आहेत.

करीरोडकर दादा, अजून एक. काकांनी त्यांच्या विंडोजच्या डिस्कवर प्रत्येक फोटोचं नाव म्हणून मराठीत अख्खं वाक्य लिहिलंय, कोण कोण आहे ते. माझ्या डिस्कवर सीपीने कॉपी करताना काही फाइल्स ‘नाव फार लांब’ म्हणून अडतात. तिकडे तर चालतंय.

करीरोडकर

आजीचं वाचून बरं वाटलं.

तुमच्या डिस्कवर ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइलसिस्टम, म्हणजे फाइल्स ठेवायची पद्धत, असणार. तिथे नावाची मर्यादा 255 बाइट आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं, त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. ‘गणपती’लाच 15 बाइट लागतात. विंडोज बाइट मोजत नाही, म्हणून तिकडे 255 चिन्हं मावतात. काकांची वाक्यं कापू नका. एक्सिफटूलने ती फोटोच्या आतच कॅप्शन म्हणून लिहिता येतात, आणि फाइलला नुसती तारीख पुरते. काकांच्या एका फाइलचं नाव इथे टाका, लाइन लिहून देतो.