जनरेटर कुंपणाआड आणि रात्री बंद? केटीकरांनो, हे पत्रक नीट वाचा

केटीकर:
काल ह्यूस्टनजवळच्या आपल्या केटीतल्या एचओएचं (वसाहतीच्या घरमालक संघाचं) हरिकेन हंगामाचं पत्रक आलं: पोर्टेबल जनरेटर रस्त्यावरून दिसता कामा नये, कुंपणाआड ठेवावा, रात्री दहा ते सकाळी सात बंद. त्याखाली एकाने लिहिलं, "योग्य नियम आहे. वीज गेलीच तर दोन दिवस ऑस्टिनला जाऊन यावं. आपण झोन एक्समध्ये (पुराच्या नकाशात पूररेषेबाहेर) आहोत, भीती कसली?" यातलं एकही वाक्य मला पटलेलं नाही.

कुंपणाआड म्हणजे नेमकं कुठे? आपले प्लॉट पन्नास-साठ फुटी. घराच्या बाजूला पाच फूट, शेजाऱ्याचे पाच फूट, मिळून दहा फुटांचा बोळ. जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला हवं. बोळात ठेवला की आपली बाथरूम आणि शेजाऱ्याची बेडरूम, दोन्ही हाताच्या अंतरावर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, बोळात वारा खेळत नाही आणि वर सॉफिटच्या (छपराच्या कडेखालच्या) जाळीतून तो सरळ माळ्यात शिरतो. ज्याला बोळ अडचणीचा वाटतो तो गॅरेजात ठेवून दार अर्धं उघडं टाकतो. अशाने माणसं मरतात. सुरक्षित जागा बहुतेक घरांना एकच, ड्राइव्हवेचं रस्त्याकडचं टोक, आणि पत्रकाने नेमकी तीच बंद केली!

आता रात्रीचं. बेरिल वादळ ८ जुलै २०२४ ला आलं तेव्हा ते पहिल्याच श्रेणीचं होतं, तरी वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांकडे आठवडाभर आली नाही. जुलैत बंद घर रात्रीही निवत नाही. शिवाय जून ते ऑक्टोबर निम्म्या घरांत भारतातून आई-बाबा आलेले असतात. सीपॅप (झोपेत श्वास चालू ठेवणारं यंत्र) रात्रीच लागतं. वीज नसलेला फ्रिज न उघडता चार तास धरतो. तुम्ही नऊ तास बंद करायला सांगताय.

रात्रपाळी:
तुम्ही फक्त जनरेटरवाल्याची बाजू मांडताय. वीज गेल्यावर शेजाऱ्याच्या खिडक्या सताड उघड्या असतात. त्याला तुमचा आवाजही ऐकू येतो आणि धूरही मिळतो. ओपन फ्रेमचं आठ हजार वॅटचं धूड सत्तर डेसिबलच्या वर जातं, आणि ते कशासाठी? अख्ख्या घराचा एसी चालवायला. रात्री एक खोली थंड केली की भागतं. पाच हजार बीटीयूचा खिडकीचा एसी साधारण ४५०-५०० वॅट घेतो. तो आणि फ्रिज १८०० वॅटच्या इन्व्हर्टर जनरेटरवर (लोडप्रमाणे इंजिनाचा वेग बदलणाऱ्या, कमी आवाजाच्या) आरामात चालतात. एक गॅलनची टाकी चार-पाच तास पुरते, म्हणजे रात्रीत एकदा उठून, यंत्र बंद करून, थंड झाल्यावर भरायची. तक्रारी आल्या म्हणून बोर्डाने नियम केला, हौस म्हणून नाही.

वायरिंगवाला:
दोघंही कायदा सोडून बोलताय. टेक्सास प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.०१९, २०१५ पासून. एचओएला कायमस्वरूपी बसवलेल्या स्टँडबाय जनरेटरवर बंदी घालता येत नाही. पण ते संरक्षण कशाला? किमान सात किलोवॅट, नॅचरल गॅस किंवा प्रोपेनसारखं इंधन, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विचने (घराचा पुरवठा लाइनवरून जनरेटरवर वळवणाऱ्या) घराला जोडलेला. पेट्रोलवरचा चाकांचा जनरेटर त्यात बसत नाही. तिथे बोर्डाचा हात मोकळा आहे, म्हणून मीटिंगला कलम नाचवू नका, २० फुटांचा मुद्दा धरा.

जागेइतकंच वायरिंग महत्त्वाचं आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली कॉर्ड ड्रायरच्या सॉकेटात खुपसणारे अजून भेटतात. मेन स्विच पाडायला विसरला की वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मर ती हजारो व्होल्टवर चढवतो आणि खांबावरचा लाइनमन मरतो. बाहेर ३० अँपचा इनलेट, पॅनेलवर त्याच मॉडेलची इंटरलॉक पट्टी (मेन आणि जनरेटर एकाच वेळी चालू होऊ न देणारी), परवाना काढून लायसन्सवाल्याकडून बसवून घ्या. आधी मेन आणि बाकी सगळे ब्रेकर पाडायचे, कॉर्ड लावायची, यंत्र सुरू करायचं, इंटरलॉक सरकवून जनरेटरचा ब्रेकर चढवायचा, मग एकेक सर्किट. १० गेजची ५० फुटी कॉर्ड घेतली तर ड्राइव्हवेपर्यंत पोचते आणि ३० अँपला व्होल्टेजही फारसं पडत नाही.

जोडल्याबरोबर ट्रिप होतोय? जनरेटरचा न्यूट्रल फ्रेमला जोडलेला, घराच्या पॅनेलातही जोडलेला, म्हणून जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. यंत्र बिघडलेलं नाही. तीन टनी एसी सुरू होताना क्षणभर सत्तर-ऐंशी अँप ओढतो, तो झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर नसेल तर नादच सोडा. आणि तेल! नव्या यंत्राचं पहिलं तेल २०-२५ तासांनी बदलायचं, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. तेल कमी झालं की सेन्सर यंत्र बंद पाडतो आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

ओकझाड:
जनरेटर-जनरेटर चाललंय, पण वीज जाते कशाने? तारांवर झुकलेल्या फांद्यांनी. फांदी छाटायला परवानगी मागितली की हाच बोर्ड दोन महिने लावतो. घर ते खांब या तारेलगतची छाटणी घरमालकाच्या गळ्यात. ती मे महिन्यात करू द्या, मग आवाजाचे नियम काढा.

झोन_एक्स:
ते वाक्य माझं होतं आणि मी त्यावर ठाम आहे. नकाशात आपण पूररेषेबाहेर, बँकेने फ्लड इन्शुरन्स मागितला नाही, होमओनर्स पॉलिसी आहे. घाबरवणं बंद करा.

पूररेषा:
होमओनर्स पॉलिसी जमिनीवरून चढलेल्या पाण्याचं नुकसान भरून देत नाही. एक पैसाही नाही. २०१७ च्या हार्वी वादळात हॅरिस काउंटीत सुमारे १,५४,००० घरांत पाणी शिरलं, त्यातली ७०,००० हून जास्त शंभर आणि पाचशे वर्षांच्या दोन्ही पूररेषांच्या बाहेरची होती. तुमच्याच "भीती कसली" झोनमधली.

आणि केटीत प्रश्न फक्त पावसाचा नाही. बार्कर धरणामागे सरकारने घेतलेली जमीन समुद्रसपाटीपासून ९५ फूट उंचीपर्यंत, हार्वीत पाणी चढलं १०१.६ फुटांवर. मधल्या पट्ट्यात खासगी वसाहती. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या प्लॅटवर (वसाहतीच्या नोंदणीकृत नकाशावर) छापलेलं आहे की ही जमीन धरणाच्या पाण्याखाली जाऊ शकते. घर घेताना ते किती जणांनी वाचलं? प्लॅट काढा, घराच्या पायाच्या स्लॅबची उंची बघा, मग झोन सांगा.

झोन_एक्स:
आवाज चढवून आकडे खरे होत नाहीत. सरकारी फ्लड पॉलिसीत इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख, तेही घसारा वजा करून. कुंपण नाही, स्विमिंग पूल नाही, हॉटेलचं भाडं नाही. एवढ्यासाठी दरवर्षी हप्ता?

पूररेषा:
हो, एवढ्यासाठीच! एक फूट पाणी आलं तरी ड्रायवॉल, इन्सुलेशन, कॅबिनेट सगळं चार फुटांपर्यंत कापून फेकावं लागतं. ते पैसे कोण देणार आहे? वाऱ्याच्या नुकसानीतही तुमची डिडक्टिबल टक्क्यांत असते. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमचे. ती पॉलिसी तरी उघडून बघितलीत का?

केटीकर:
ऑस्टिनचं राहिलं. २००५ मध्ये रिटा वादळाच्या वेळी सगळे एकदम निघाले. गाड्या तासन्‌तास उन्हात अडकल्या, डॅलसजवळ बसला आग लागून २३ वृद्ध गेले, एकूण शंभरावर मृत्यू, बहुतेक रस्त्यावरच्या पळापळीत. बाहेर पडायचे आदेश समुद्राकडच्या झिप झोनना (पिनकोडनुसार आखलेल्या भागांना) असतात. आपण विनाकारण निघालो की समुद्राकाठच्या गॅल्व्हेस्टनच्या माणसांचा रस्ता अडवतो. वादळ गेल्यावर, रस्ते उघडल्यावर म्हाताऱ्यांना घेऊन जा, त्याला माझी ना नाही.

रात्रपाळी:
बोळाचा मुद्दा मान्य, मला तो सुचला नव्हता असं समजा. पण रात्रीची बंदी पूर्ण उठवायला मी हात वर करणार नाही. वीज नसेल तोवर ड्राइव्हवेवर परवानगी, साखळीने बांधलेला, दोन्ही घरांत बॅटरीवरचे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, रात्री फक्त इन्व्हर्टर जनरेटर. हे लिहून आणा, सही करतो.

वायरिंगवाला:
"फक्त इन्व्हर्टर" लिहू नका, ज्याच्याकडे जुनं यंत्र आहे तो पुन्हा गॅरेजात नेईल. "रात्री अर्ध्याहून कमी लोड" लिहा, आवाज थोडा तरी उतरतो.

झोन_एक्स:
फ्लड इन्शुरन्सच्या हप्त्याचा कोट मागवतोय. तुमच्या ओरडण्यामुळे नाही, प्लॅटवर ती ओळ सापडली म्हणून. जूनच्या शेवटी घेतली तर चालेल?

पूररेषा:
पैसे भरल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. वादळाला नाव पडल्यावर घेतलेली त्या वादळाला कामाची नाही. आणि सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं, फॉर्मवर तो रकाना कोरा सोडू नका.