मदत हवी आहे: 'दऱ्या' शोधलं की निम्म्या नोंदी गायब

मंडळी, एका ओपन सोर्स मराठी शब्दकोशाच्या पायथॉन कोडमधला बग सोडवतोय. 'दऱ्या', 'तऱ्हा' शोधलं की बऱ्याच नोंदी येतच नाहीत, कारण कुणी युनिकोड ०९३१ चा ऱ टाइप केलाय, कुणी र खाली नुक्ता (टिंब) दिलाय तर कुणी र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं युनिकोड चिन्ह), दिसायला सगळं सारखंच. एनएफसीने (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं असेल तर एकसारखं करणारी युनिकोडची पद्धत) नुक्तावालं सुटलं, झेडडब्ल्यूजेवालं तसंच राहतं, आणि तो सरसकट काढला तर आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकच होतात, ते अजिबात नकोय. त्यात शोधासाठी शब्द एकसारखे करणारं फंक्शन तीन फाइल्समध्ये कॉपी-पेस्ट केलंय, तिन्हीकडे थोडं थोडं वेगळं. आधी टेस्टसकट फक्त बगचा छोटा पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) देऊन डुप्लिकेट कोड नंतर काढू, की एकदमच? रिव्ह्यू करणाऱ्यांनी प्लीज सांगा.