रागू बोलोन्येझे: फसला की जमला? लिहा आपापले किस्से

दोन वर्षं इटलीत बोलोन्या शहरात शिकायला होते, घरमालकीणबाई रविवारी सकाळी रागू, म्हणजे पास्त्यावर घालायचा मांसाचा सॉस, चढवायच्या आणि दुपारपर्यंत अख्खा जिना घमघमायचा. एकदा मी विचारलं लसूण कधी घालायचा, तर अशा बघत राहिल्या की जणू मी पुरणात कांदा घालू का विचारलंय. लसूण नाहीच! कांदा-गाजर-सेलरी अगदी बारीक, पांचेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस, जाडसर बीफ खिमा, वाइन, आणि टोमॅटो बेतानेच. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९८२ साली ही रेसिपी चक्क नोंदवलीय, २०२३ ला सुधारून परत. त्यात ४०० ग्रॅम बीफला टोमॅटोचा गर फक्त २०० ग्रॅम. आपण किलोभर ओततो ना, तिथेच गंडतं. तर लिहा, फसलेलं आधी.

---

फसलेलं म्हणालात म्हणून लिहितेय. पुण्यात मटणाचा खिमा घेतला, सगळा एकदम कढईत टाकला, त्याला हे एवढं पाणी सुटलं आणि तो करडा होऊन उकडत बसला, चव म्हणाल तर आजारी माणसाचं जेवण. पुढच्या वेळी दोन भाग केले, पसरट पॅन घेतला आणि ढवळायचं नाही असं ठरवून हात मागे बांधून उभी राहिले. आधी खदखद आवाज येतो, मग पाणी आटलं की चरचर सुरू होते. चरचर ऐकल्याशिवाय वाइन ओतू नका, एवढंच सांगेन.

---

दुधाचं कोणीच बोललं नाही अजून? अर्धा ग्लास घालतात, ऐच्छिक आहे. मी घातलं तेव्हा सासूबाई इथे एडिनबराला आलेल्या, म्हणाल्या अगं मांसात दूध, विरुद्ध अन्न ते! आणि नेमकं ते टोमॅटोत फाटलं, पांढरे कण दिसायला लागले, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन तास मंद आचेवर ठेवल्यावर कण कुठे गेले कळलंही नाही, आंबटपणाही मऊ झाला. सासूबाईंनी चाखायला म्हणून वाटी घेतली आणि दोनदा भरली.

---

मी कुकरला चार शिट्ट्या काढल्या 😅 मांस शिजलं पण आटलं काहीच नाही, वर पाणी खाली मसाला. शेवटी गरम मसाला घालून पावाबरोबर खाल्लं. मस्त लागलं, पण रागू नव्हे तो.

---

बोटीवर होतो तेव्हा नेपल्सला खाल्लेला रागू वेगळाच, खिमा नाही, मांसाचे मोठे तुकडे तासन्‌तास सॉसमध्ये. सॉस पास्त्याला, मांस मागाहून वेगळं वाढतात. एखाददुसरा बुडबुडा फुटेल इतकीच आच, त्याला तिथे पिप्पियारे म्हणतात. बोलोन्यावाल्यांसमोर ह्याचं नाव काढू नका, भांडण होतं.

---

धागाकर्ती परत: हो, होतं! आणि स्पॅगेटी विचारली तरी होतं. तिथे तालियातेल्ले, अंड्याच्या चपट्या पट्ट्या, शिजल्यावर आठ मिलिमीटर रुंद, हेसुद्धा १९७२ मध्ये नोंदवलंय. खडबडीत असतात म्हणून खिमा धरून ठेवतात, स्पॅगेटीवरून तो घसरून ताटलीच्या तळाशी बसतो. कुकरवाले, पुढच्या वेळी झाकण काढून ठेवा हो तासभर.

---

कुकरवाला: झाकण काढून ठेवलं, झोप लागली, तळाला लागलं.