बाथरूममधल्या चार हॅलोजनपैकी एक गेला, एलईडी लावला, आता बाथरूम दोन रंगांचं झालंय

माळ्यावरची_मावशी
नमस्कार मंडळी. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये 2007 साली फर्निचर केलं, तेव्हा बाथरूमला पीओपीचं फॉल्स सीलिंग करून त्यात चार छोटे हॅलोजन बसवून घेतले. 12 व्होल्ट, 50 वॅट, मागे दोन बारीक पिना. गेल्या महिन्यात आरशाजवळचा गेला. तपकीर गल्लीत गेले तर दुकानदार म्हणाला, "हॅलोजन कोण घेतंय आता, काकू? हा एलईडी न्या, पिन तीच आहे."

पिन तीच होती, बसलाही. पण मेला सारखा लुकलुकतो. आणि रंग! बाकीचे तिघे समईसारखे पिवळे, हा पांढराफटक. दाढी करताना ह्यांचा अर्धा चेहरा काविळीचा आणि अर्धा भुताचा दिसतो.

सोसायटीचा वायरमन म्हणतो, सगळं काढून मोठे पॅनल लाइट लावू. पण मला दिव्यांभोवतीच्या त्या स्टीलच्या कड्या काढायच्या नाहीत, नळांशी जुळतात. शिवाय भोकं 65 मिलिमीटरची आहेत. ती वाढवायची म्हणजे पीओपीचा भुगा, मग लांबी, मग रंगारी. कड्या ठेवून चारही सारखे दिसतील असं काही होईल का? प्रत्येक दिव्यामागे एक चपटी डबी आहे, तिच्यावर 20-60 वॅट लिहिलंय. आणि एक दिवा बरोबर शॉवरच्या डोक्यावर आहे.

घोडबंदरकर
पॅनल लाइटच्या नादी लागू नका. आम्ही लावले. रात्री दोनला उठलं की थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्यासारखं वाटतं, नंतर झोप येत नाही.

फेज_न्यूट्रल
मावशी, उत्तर त्या डबीवरच लिहिलंय. तो इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, 230 व्होल्टचे 12 करणारा (आमच्या धंद्यात सगळ्यालाच चोक म्हणतात). त्याला चालायला निदान 20 वॅटचं गिऱ्हाईक लागतं. हॅलोजन 50 खायचा, एलईडी खातो 5. चोकला वाटतं पलीकडे कोणी नाहीच. तो बंद पडतो, परत उठतो, परत पडतो. दिव्यात खोट नाही.

चारही चोक काढून टाका, कडीच्या भोकातूनच बाहेर येतात. त्यांच्याऐवजी 12 व्होल्टचा एकच एलईडी ड्रायव्हर (एलईडीसाठीची तशीच डबी), 30 वॅटचा. चार दिवे मिळून 20 होतात, वर थोडी जागा हवीच. बाथरूमवर माळा आहे ना? ड्रायव्हर तिथे, कोरड्यात, हात पोचेल असा. सीलिंगमध्ये कोंबला तर वाफेने आधी तोच जाईल. पुढे आहे त्याच वायरीतून 12 व्होल्ट सोडायचे. पावणेदोन अँपिअरच्या आतलं काम आहे. म्हणजे शॉवरच्या डोक्यावर 230 येतच नाही. कोणी "जीयू 10 चे (थेट 230 वर चालणाऱ्या दिव्यांचे) होल्डर लावून डायरेक्ट करू" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. शॉवरवरच्या कडीला पुढून काच नसेल तर तेवढी एक आयपी 65 ची (पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारी) घ्या, तिथे मॅचिंगचा हट्ट सोडा.

एक मात्र बघाच: एक्झॉस्ट फॅन त्याच वायरीवरून लूप केलाय का? 2007 च्या कामात असले उद्योग फार. केला असेल तर 12 व्होल्टवर पंखा गप्प बसेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

दादरचा_फोटोवाला
रंगाचं मी सांगतो. खोक्यावरचं "वॉर्म" वगैरे वाचू नका, केल्विनचा आकडा वाचा: कमी म्हणजे पिवळा, जास्त म्हणजे पांढरा. तुमचे हॅलोजन 3000 केल्विनच्या आसपासचे. पांढराफटक म्हणताय म्हणजे तुम्हाला 6500 चा दिलाय. 3000 चेच घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 100 पैकी) 90 च्या वरचा. 80 वाल्यात कातडीतला लाल मरतो, माणूस आजारी दिसतो. उजेडाचा कोन 36 किंवा 38 अंश, म्हणजे टाइल्सवर आत्ता जे उजेडाचे शंकू पडतात तसेच पडतील. आणि चारही एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या, वर एक जादा. उरलेले तीन हॅलोजन चांगले चालतायत म्हणून ठेवू नका. एलईडी आणि हॅलोजन शेजारी शेजारी कधी जुळत नाहीत, मी स्टुडिओत हात पोळून घेतलेत.

माळ्यावरची_मावशी
झालं बाई एकदाचं! फेज_न्यूट्रल, तुमच्या तोंडात साखर पडो: एक्झॉस्ट त्याच वायरीवर होता. वायरमनने मेन पाडून आधी पंख्याला वेगळी वायर ओढली, त्यातच सकाळ गेली. दिव्यांना अर्धा तास. लुकलुक संपली, चारही एका रंगाचे. शॉवरवरची कडी पांढरी आली आहे, ती डोळ्याला खुपते, पण अंघोळ करताना वर कोण बघतंय.

आता आरशावरची ट्यूब पांढरी वाटायला लागली आहे. ह्यांना विचारलं, बदलू का? म्हणाले, दाढी होईपर्यंत हात लावू नकोस.