तारखेचं खूळ आणि शेरडं-मेंढरं

'ख्रिस्ती लोक अधूनमधून जगबुडीची तारीख काढतात' असं कुणीतरी लिहिलंय, आणि त्यात मेल्यानंतरचा न्याय नि जगाच्या शेवटचा न्याय एकच धरलाय, म्हणून थोडी भर. तारखा निघाल्या हे खरंच. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनासाठी 22 ऑक्टोबर 1844 धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच उजाडलं. पण बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानात (24:36) येशू स्वतःच सांगतो की तो दिवस पित्याशिवाय, म्हणजे देवाशिवाय, कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही नाही. मग विरार लोकलमध्ये पत्रकं वाटणाऱ्याला कुठून कळणार?

मी वांद्र्याचा, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचा मूळचा मराठी ख्रिस्ती. दर रविवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) 'जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येणार' हे आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, आणि त्याच वेळी शेजारची मावशी पुढच्या दानपेटीसाठी पर्समध्ये दहाची नोट चाचपत असते. भीतीबिती कुठे दिसत नाही.

न्यायाचं खरं चित्र मत्तयच्या 25व्या अध्यायात आहे. मेंढपाळ शेरडं-मेंढरं वेगळी करतो तशी माणसं वेगळी होतात, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. निकष काय, तर भुकेल्याला जेवू घातलंत का, परक्याला घरात घेतलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का; त्यांच्यासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत, असं येशू म्हणतो. मला मात्र यातली गंमत वेगळीच वाटते: उजवीकडचे आणि डावीकडचे, दोघंही चकित होऊन एकच विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?' म्हणजे ज्यांनी केलं त्यांनाही पत्ता नव्हता!

बाकी कॅथलिक शिकवणीत मेल्याबरोबर होणारा ज्याचा-त्याचा न्याय वेगळा आणि जगाच्या शेवटी सगळ्यांचा होणारा वेगळा. त्या लिहिणाऱ्यानं दोन्हींची सरमिसळ केलीय.